भावी गणित शिक्षकांना कॉलेजात कोणती भूमिती शिकवावी?

लंबदुभाजक
सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात गणित शिकवते. यंदा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला भूमितीचा ऐच्छिक पेपर माझ्याकडे आलाय आणि त्यात काय घ्यायचं याची बरीच मोकळीक आहे. वर्गातली बहुतेक मुलं पुढे बीएड करणार आणि कुठल्या तरी हायस्कुलात आठवी-नववी-दहावीच्या वर्गावर उभी राहणार. त्यांची आणि भूमितीची शेवटची भेट दहावीच्या 'गणित भाग २' मध्ये झाली. नंतर अकरावी-बारावीत रेषेची समीकरणं आणि सदिश, कॉलेजात विश्लेषण आणि बीजगणित. बीएडला अध्यापन पद्धती शिकवतात, पण विषय येतोच असं धरून. म्हणजे दहावीत जेवढी भूमिती कळली तेवढ्यावरच ही मुलं पुढच्या पिढीला दहावी शिकवणार.

हे काही आपलंच दुखणं नाही. गणिती फेलिक्स क्लाइन यांनी १९०८ साली जर्मनीत हीच तक्रार केली होती. विद्यापीठात पाऊल टाकलं की शाळेचं गणित मागे टाकायचं, आणि शिक्षक होऊन शाळेत परतलं की विद्यापीठाचं. दोन्ही ठिकाणी सांधा तुटलेलाच.

पहिल्या तासाला मी एकच प्रश्न दिला: समद्विभुज त्रिकोणात समान बाजूंसमोरचे कोन समान असतात हे सिद्ध करा. सगळ्यांनी पुस्तकातली सिद्धता लिहिली. त्रिकोण अबक, अब = अक, कोन अ चा दुभाजक काढला, तो बक ला ड मध्ये छेदतो, बाकोबा (बाजू-कोन-बाजू कसोटी), झालं. मी विचारलं, दुभाजक बक ला छेदतोच कशावरून? "दिसतंय की मॅडम." एका मुलीनं दुभाजकाऐवजी मध्यगा काढली आणि बाबाबा (बाजू-बाजू-बाजू कसोटी) लावली. तिला विचारलं, बाबाबा कुठून आली? शाळेत ती कृती करून पटवतात, सिद्ध करत नाहीत. सिद्ध करायला गेलं तर नेहमीच्या वाटेत हेच समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय लागतं. वर्ग गप्प.

मग पॅपस या ग्रीक गणितीची सिद्धता दाखवली. काहीच काढायचं नाही. त्रिकोण अबक ची तुलना त्रिकोण अकब शी करायची. अब = अक, कोन अ सामाईक, अक = अब, म्हणून बाकोबानं दोन्ही एकरूप आणि कोन ब = कोन क. अर्धा वर्ग खूश, अर्ध्या वर्गाला फसवल्यासारखं वाटलं. "एकाच त्रिकोणाची त्याच्याशीच तुलना चालते का?" त्या प्रश्नावर उरलेला तास गेला, आणि तो तास मला फार आवडला.

आता सेमिस्टर कसं बांधू? वाटा पुष्कळ आहेत: हिल्बर्टची गृहीतकं (भूमितीचा पाया काटेकोरपणे मांडणारी), अयुक्लिडीय भूमिती, रूपांतरणं (आकृती सरकवणं, फिरवणं, उलटवणं), की सेवा-मेनेलॉस-नवबिंदू वर्तुळ ही त्रिकोणाची पुढची प्रमेयं? सगळं बसणार नाही. तुम्ही काय ठेवाल आणि काय सोडाल?

निवृत्त मास्तर
सेवा, मेनेलॉस, नवबिंदू वर्तुळ, आणि भरपूर उदाहरणं. बाकी सगळं सोडा. उभी हयात हायस्कुलात गेली, म्हणून सांगतो. नव्या शिक्षकाला गृहीतकं येत नाहीत हा प्रश्नच नाही. त्याला पुस्तकाबाहेरचं एक उदाहरण दिलं की घाम फुटतो, हा प्रश्न आहे. ज्यानं स्वतः शंभर रायडर (प्रमेयांवरची अवघड उदाहरणं) सोडवलेले नाहीत तो मुलाला 'इथे कोणती रेषा काढायची ते कसं सुचतं' हे काय सांगणार? हिल्बर्ट घेऊन बसलात तर दिवाळी येईल आणि दोन बिंदूंच्या मध्ये तिसरा बिंदू असतो एवढंच सिद्ध झालेलं असेल. आमच्या दापोलीकडच्या मुर्डीचे रँग्लर परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर (गणिताच्या परीक्षेत पहिले) झाले ते काही हिल्बर्ट वाचून नव्हे.

आलेखकागद
मास्तर, वाचणार कुठून? हिल्बर्टचं भूमितीच्या पायाविषयीचं पुस्तक आलं तेच १८९९ साली. :)

निवृत्त मास्तर
मग माझंच म्हणणं सिद्ध झालं.

खाडीपलीकडे
मी नववी-दहावीला शिकवते, म्हणजे लंबदुभाजकताईंची मुलं उद्या माझ्या शेजारच्या खुर्चीत येणार. स्वार्थापोटी लिहितेय. :)

मास्तरांचं निम्मं पटतं. पण एक गोष्ट त्यांच्या काळात नव्हती: चौकटी. हल्ली 'खालील कृती पूर्ण करा' म्हणून सिद्धता छापूनच येते आणि मुलानं रिकाम्या चौकटीत 'सामाईक बाजू', 'व्युत्क्रम कोन', 'बाकोबा कसोटी' भरायचं. दुबळ्या मुलाला त्याचा आधार होतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण पक्ष, साध्य, सिद्धता कोऱ्या पानावर स्वतः मांडणं फार थोड्या मुलांच्या हातून होतं. ही चौकटी भरलेली पिढी आता शिक्षक होऊन येतेय.

माझी मागणी वेगळी आहे. त्यांना मुलांची उत्तरं वाचायला शिकवा. परवाचाच नमुना सांगते. प्रश्न: समांतरभुज चौकोनाच्या सम्मुख बाजू एकरूप असतात हे सिद्ध करा. मुलानं दोन्ही कर्ण काढले, 'कर्ण परस्परांना दुभागतात' म्हटलं, विरुद्ध कोन घेतले, बाकोबानं दोन त्रिकोण एकरूप केले, सम्मुख बाजू समान. नीटनेटकं उत्तर, प्रत्येक ओळीला कारण. पण आपल्या पुस्तकात कर्ण दुभागतात हे सिद्ध करताना सम्मुख बाजू एकरूप असल्याचंच वापरलेलं आहे. माझ्या नव्या सहकाऱ्यानं पूर्ण गुण दिले. मी विचारलं तर म्हणाला, "सगळी विधानं खरी आहेत ना?"

विधानं खरी आहेत. सिद्धता नाही. हा फरक बीएडच्या पाठ-टाचणात कुठे येतो?

लंबदुभाजक
खाडीपलीकडे, हे उत्तर मी सोमवारी वर्गात देते, नाव न सांगता. मला नेमकं असंच काहीतरी हवं होतं.

आलेखकागद
मी सध्या अमेरिकेत आहे, मूळ गाव देवरुखजवळ. इथे भावी शिक्षकांच्या कॉलेज-भूमितीवर पुष्कळ वाद चालतात, कारण २०१० च्या कॉमन कोअर या शालेय अभ्यासक्रमाच्या मानकांनी शाळेतली एकरूपताच बदलली. 'स्थानांतरण, परिभ्रमण आणि परावर्तन वापरून एक आकृती दुसरीवर तंतोतंत नेता आली तर त्या एकरूप' अशी व्याख्या. मग बाकोबा हे गृहीतक राहत नाही, प्रमेय होतं. युक्लिडनं 'एलिमेंट्स' या ग्रंथाच्या पहिल्या भागाच्या चौथ्या विधानात त्रिकोण उचलून दुसऱ्यावर ठेवला होता, पण उचलण्याची परवानगी देणारं गृहीतक त्याच्याकडे नव्हतं. हिल्बर्टनं बाकोबाचा गाभा सरळ गृहीतकांत घातला. कॉमन कोअरनं उचलण्यालाच अधिकृत केलं.

माझं मत: एक संपूर्ण सेमिस्टर रूपांतरणांना द्या. आणि बाकोबा 'उघड' नाही हे पटवायचं असेल तर टॅक्सी-भूमिती घ्या. आलेख कागदावर फक्त आडवं-उभं जायचं, अंतर म्हणजे आडव्या-उभ्या पावलांची बेरीज. कोन नेहमीचेच. आरंभबिंदूपासून (२, ०) आणि (०, २) हे बिंदू घ्या: दोन्ही अंतरं २, मधला कोन ९०, तिसरी बाजू ४. आता (१, १) आणि (१, −१) घ्या: अंतरं पुन्हा २ आणि २, कोन पुन्हा ९०, पण तिसरी बाजू २. बाजू-कोन-बाजू तेच, तिसरी बाजू निम्मी. शिवाय दुसरा त्रिकोण समभुज आणि काटकोन दोन्ही!

कातळसडा
आमच्या रत्नागिरीत रिक्षा कुठल्याच भूमितीनं जात नाही. तेवढं सोडलं तर झकास. वाचनखूण साठवली.

लंबदुभाजक
टॅक्सीचं उदाहरण घेणारच. दहा मिनिटांत 'बाकोबा खरी का मानायची' हा प्रश्न उभा राहतो. पण अख्खं सेमिस्टर रूपांतरणांना देणार नाही. तुमच्याकडे शाळेचं पुस्तक बदललं म्हणून कॉलेजात ते शिकवणं सयुक्तिक आहे. आमच्या मुलांच्या हातात उद्या जे नववीचं पुस्तक येणार त्यात पहिल्या प्रकरणात संख्यारेषेवर बिंदूंचे निर्देशक, त्यावरून अंतर, त्यावरून दरम्यानता (कोणता बिंदू कोणत्या दोघांच्या मध्ये आहे). हा अमेरिकी गणिती बर्कहॉफ यांच्या १९३२ च्या मांडणीशी नातं सांगणारा रस्ता आहे. बहुतेक शिक्षक तो धडा 'सोपा आहे, घरी वाचा' म्हणून उरकतात. का? तो कशासाठी आहे हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

मास्तर, तुमच्याशी भांडण इथेच आहे. पाया म्हणजे कोरडं, हे मी मानत नाही. पाया आधी सांगितला तर कोरडा. आधी आकृतीनं फसवलं आणि मग पाया मागावा लागला तर नाही.

निवृत्त मास्तर
उदाहरण द्या. सुभाषितं नकोत.

लंबदुभाजक
घ्या. 'प्रत्येक त्रिकोण समद्विभुज असतो', ही जुनी फसवी सिद्धता तुम्हाला ठाऊक असेलच. कोन अ चा दुभाजक आणि बक चा लंबदुभाजक (माझं नाव!) प मध्ये मिळतात. प पासून अब आणि अक वर लंब टाका. तीन वेळा एकरूपता लावली की दोन्ही बाजूंचे तुकडे समान, बेरीज केली की अब = अक. मुलं ओळ न् ओळ तपासतात, चूक सापडत नाही. सगळ्यांनी प त्रिकोणाच्या आत काढलेला असतो.

मग मोबाइलवर जिओजेब्रा (आकृत्या अचूक काढायचं ॲप) उघडायला लावते. प नेहमी बाहेर जातो. (अब आणि अक समान नसतील तर तो परिवर्तुळावर असतो. हे का, हा घरचा अभ्यास.) आणि लंबांचे दोन पाय पाहिले तर एक बाजूवर पडतो, दुसरा वाढवलेल्या बाजूवर. म्हणून एकीकडे बेरीज, दुसरीकडे वजाबाकी. एकरूपता सगळ्या खऱ्या, चूक फक्त 'कोण कोणाच्या मध्ये आहे' यात. त्या क्षणी दरम्यानतेचं गृहीतक कोणाला कोरडं वाटत नाही, आणि पहिल्या दिवशीचा 'दुभाजक बक ला छेदतोच कशावरून' हा प्रश्नही मॅडमचा खवचटपणा राहत नाही.

निवृत्त मास्तर
हे चांगलं आहे. पण ही फसवी सिद्धता आम्हीही दाखवायचो, हिल्बर्टचं नाव न घेता.

मालवणी झील
मी गणितवालो नाय, सिविल डिप्लोमा. पण वाचून ऱ्हवलां नाय. आमचो बापूस गवंडी, चिऱ्याची घरां बांधता. आखणी करताना खुंट्यो मारता, सुतळी बांधता आणि तीन-चार-पाच धरता. एका बाजून तीन फूट, दुसऱ्या बाजून चार, तिरक्यात पाच इलो की गुण्यो बसलो. मगे चारय बाजू नि दोनय कर्ण मोजता, सारके इले की चुनो मारूचो. माका धावीत पायथागोरस शिकवलो, पण तां नि ह्यां एकच असां कोणी सांगूक नाय.

लंबदुभाजक
झिला, तुझ्या बाबांना माझ्या वर्गात घेऊन ये!

आणि 'एकच' म्हणताना थोडं थांबूया, कारण यातच माझा एक तास जाणार आहे. पायथागोरस सांगतो: काटकोन असेल तर ९ + १६ = २५. तुझे बाबा उलटं करतात: २५ आलं म्हणून काटकोन. तो व्यत्यास झाला आणि त्याची सिद्धता वेगळी आहे. ३ आणि ४ बाजूंचा एक खराखुरा काटकोन त्रिकोण बाजूला काढायचा, पायथागोरसनं त्याचा कर्ण ५ येतो, मग बाबाबानं दोन्ही त्रिकोण एकरूप. म्हणजे पाया आखण्याच्या मुळाशी बाबाबा आहे. दहावीत व्यत्यास दोन गुणांपुरता येतो आणि जातो.

कर्णांचंही तसंच. नुसते कर्ण समान आले म्हणून आयत होत नाही, समद्विभुज समलंब चौकोनाचेही कर्ण समान असतात. सम्मुख बाजू समान आणि वर कर्णही समान, तेव्हा आयत. तुझे बाबा चारही बाजू मोजतात ते उगाच नव्हे. भावी शिक्षकांना मी हेच विचारणार: गवंड्यानं यातलं कुठलं मोजमाप सोडलं तर चालेल आणि कुठलं नाही?

मोठ्या घराला ते ६-८-१० धरतात का?

मालवणी झील
व्हय, जागा असली तर सहा-आठ-धा. "ल्हान धरलास तर भित पळता" म्हणता.

आलेखकागद
बरोबर म्हणतात. ३-४-५ फुटांत तिरक्या मापाला एक इंच जास्त आला तर कोन सुमारे ९२ अंश होतो. ३० फूट लांब भिंतीच्या टोकाला तो जवळजवळ एक फूट फरक. तोच एक इंच ६-८-१० मध्ये चुकला तर कोन साधारण ९१. कोज्या-सूत्रानं (कोसाइनच्या) पडताळून पाहा.

कातळसडा
भूमितीच निघाली आहे तर मुलांना कातळशिल्पं दाखवायला न्या की! बारसू, उक्षी, देवाचे गोठणे. चौकोनी आकृत्या, सममिती, सगळं आहे. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीतही गेली.

लंबदुभाजक
सहल म्हणून जरूर नेईन. पेपरात नाही घेणार. 'आपल्या परिसरातील भूमिती' म्हटलं की मुलं फोटो चिकटवून तक्ता करतात, त्यावर 'सममिती' लिहितात आणि गणित तिथेच संपतं. गवंड्याच्या सुतळीत सिद्धता दडलेली आहे, म्हणून ती घेतली.

कातळसडा
मग समुद्र तरी घ्या. दीपगृहावरून क्षितिज किती लांब दिसतं? माझी मुलगी दहावीला आहे, तिला हे पुस्तकातल्या स्पर्शिका-छेदिकेच्या प्रमेयानं काढून दाखवलं. नजरेची रेषा पृथ्वीला स्पर्शिका, खाली पृथ्वीच्या मध्यातून आरपार जाणारी छेदिका. स्पर्शिकेचा वर्ग = उंची × (उंची + व्यास). व्यास साधारण १२,७४२ किमी. १०० मीटर उंचीवरून पाहिलं तर ०.१ × १२,७४२.१ चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३५.७ किमी. किनाऱ्यावर उभं राहून, डोळे १.६ मीटरवर धरले तर जेमतेम साडेचार. (हवेत प्रकाश किंचित वाकतो म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्त दिसतं.)

निवृत्त मास्तर
वा! हे मी वर्गात कधी केलं नाही याची हळहळ वाटली.

खाडीपलीकडे
पृथ्वी गोल निघालीच आहे तर विचारते. दरवर्षी एखादं मूल विचारतं, "बाई, कोनांची बेरीज १८० च का?" आपण सहावी-सातवीत कोपरे फाडून चिकटवतो, नववीत शिरोबिंदूतून समांतर रेषा काढतो. नव्या शिक्षकाला यापुढचं किती यायला हवं?

लंबदुभाजक
माझ्या मते एवढं: ती समांतर रेषा काढली तिथे युक्लिडचं पाचवं गृहीतक वापरलं गेलं, आणि ते काढून घेतलं तर प्रमेय पडतं. साक्केरी १७३३, लोबाचेव्हस्की १८२९, बोल्याई १८३२ हा इतिहास एका तासात सांगते. त्यातून निघालेल्या अतिपरवलयी भूमितीच्या खोलात जात नाही.

वेळ देते तो चेंडूला. जुना प्लास्टिकचा चेंडू, रबर बँड म्हणजे सरळ रेषा. तीन रबर बँड एकमेकांना काटकोनात बसवले की तीन काटकोनांचा त्रिकोण मिळतो, बेरीज २७०. मग नववीची प्रमेयं एकेक करून चेंडूवर तपासायची: कोण टिकतं, कोण पडतं? बाकोबा टिकते. दूरस्थ आंतरकोनापेक्षा बाह्यकोन मोठा, हे पडतं. आणि तीन कोन समान असले की त्रिकोण समरूपच नव्हे तर थेट एकरूप होतात, म्हणजे चेंडूवर लहान-मोठे समरूप त्रिकोण नाहीतच. यावर वर्गात सर्वात जास्त आरडाओरडा होतो. दहावीचं पहिलं प्रकरण समरूपता. ते अख्खं प्रकरण चेंडूवर उभंच राहत नाही हे पाहिलेला शिक्षक ते वेगळ्या डोळ्यांनी शिकवेल असं मला वाटतं.

सुपारीबाग
वाचनमात्र होते, एक शंका. माझ्या मुलाच्या पेपरात 'प्रत्येक समांतरभुज चौकोन समलंब असतो' हे चूक की बरोबर असं आलं होतं. त्यानं बरोबर लिहिलं, गुण गेला. इंटरनेटवर दोन्ही उत्तरं सापडतात.

खाडीपलीकडे
आपल्या पुस्तकात समलंब म्हणजे सम्मुख बाजूंची एकच जोडी समांतर. त्या व्याख्येनं विधान चूक, गुण गेला तो नियमानं. 'किमान एक जोडी' म्हणणारी पुस्तकंही जगात आहेत, तिथे बरोबर.

आलेखकागद
आणि गंमत म्हणजे तेच पुस्तक चौरसाला आयत म्हणतं. तिथे समावेशक, इथे वगळणारी व्याख्या. व्हान हील दांपत्यानं १९५७ मध्ये भूमितीच्या आकलनाच्या पातळ्या मांडल्या. त्यात नुसतं दिसण्यावरून ओळखणारं मूल चौरसाला आयत म्हणायला तयारच होत नाही, व्याख्यांमधले संबंध दिसायला लागल्यावर होतं. शिक्षक स्वतः कुठल्या पातळीवर आहे ते अशा प्रश्नात उघडं पडतं.

लंबदुभाजक
सुपारीबाग, मुलाला विचारा त्यानं 'बरोबर' का लिहिलं. कारण सांगता आलं तर तो गुण गेलेल्यांत नाही.

मास्तर, तुमच्या रायडरांसाठी दर शुक्रवारचं प्रॅक्टिकल राखून ठेवलं आहे. सेवा घेते, मेनेलॉस वेळ उरला तर. नवबिंदू वर्तुळ जिओजेब्रावर दाखवून सिद्धता घरी.

आणि खाडीपलीकडे, इंटरनलला हा प्रश्न टाकतेय: "विद्यार्थ्यानं समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय मध्यगा काढून, बाबाबा कसोटीनं सिद्ध केलं. ३ पैकी किती गुण द्याल? कारण लिहा." मी दोन्हीकडची बाजू मान्य करणार, गुण कारणाला.

निवृत्त मास्तर
तीन. शाळेत बाबाबा मान्य केलेली कसोटी आहे, ती कुठून आली हे मुलानं का सांगावं?

खाडीपलीकडे
मीही तीनच देणार. पण मग समांतरभुज चौकोनवाल्याला माझ्या सहकाऱ्यानं पूर्ण गुण दिले ते चूक कसं, हेही मला स्टाफरूममध्ये समजावून सांगावं लागेल.

आलेखकागद
तिथे 'कर्ण दुभागतात' ही मान्य केलेली कसोटी नाही, त्याच पुस्तकात त्याच धड्यात पुढे सिद्ध केलेलं प्रमेय आहे. मी एक देईन, मांडणीचा.

निवृत्त मास्तर
पेपर पुन्हा तपासणारा मॉडरेटर तो एकही ठेवणार नाही.